नकोशा ई-मेलपासून सुटका : संमती लेखी मागे घ्या

सांगलीच्या एका वाचकांनी तीन वर्षांपूर्वी एका पर्यटन कंपनीच्या संकेतस्थळावरून अंदमानच्या सहलीचे आरक्षण केले. तेव्हापासून त्यांना रोज दोन-तीन जाहिरातींचे ई-मेल येतात. तळाशी करड्या, बारीक अक्षरांत असलेल्या ‘अनसबस्क्राइब’वर क्लिक केले की लॉगिनचे पान उघडते आणि विसरलेला पासवर्ड बदलायला गेले की ओटीपी बंद पडलेल्या जुन्या मोबाइल क्रमांकावर जातो. एकदा कसेबसे आत शिरल्यावर ‘विनंती नोंदवली आहे, १० दिवस लागतील’ असे उत्तर झळकले. त्यालाही आता ७ महिने झाले. मानसिक त्रासापोटी ५० हजार रुपये मिळतील का, असे ते विचारतात. याच आशयाची बरीच पत्रे माझ्याकडे पडून असल्याने, कंपनीचे वागणे बरे की वाईट यावर शाई न खर्चता थेट मुद्द्यावर येतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयीची, म्हणजे संकेतस्थळावर ग्राहकाला फसवणाऱ्या वा अडकवणाऱ्या मांडणीविषयीची, मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांतील ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ (वर्गणी रद्द करणे अवघड करून ठेवणे) हे नाव वाचून बहुतेक वाचक हुरळून जातात. परंतु तो प्रकार पैसे भरून घेतलेल्या सेवेसाठी आहे आणि आपण ई-मेलसाठी दमडीही मोजलेली नाही. आपल्या कामाचा प्रकार ‘नॅगिंग’, म्हणजे व्यवहार घडवून आणण्यासाठी वापरकर्त्याच्या मागे लावलेला वारंवारचा तगादा. मात्र त्या व्याख्येच्या शेपटाला, वापरकर्त्याने तशी खास परवानगी दिलेली असल्यास ती लागू नाही, अशा अर्थाचा अपवाद जोडलेला आहे आणि आपले सारे प्रकरण तेथेच अडते.

आरक्षण करताना ‘ऑफर कळवा’च्या चौकोनात टिक केली होती का, हे आपल्याला आठवत नाही. कंपनीला ते नक्की आठवेल. चौकोन आधीच टिक केलेला असेल तर ती खास परवानगी ठरत नाही, असा युक्तिवाद करता येईल. तथापि तीन वर्षांपूर्वी ते पान कसे दिसत होते याचा पुरावा आपल्याकडे नाही, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. त्याहून सोपा मार्ग म्हणजे दिलेली असेल-नसेल ती परवानगी लेखी मागे घेणे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांपैकी नियम ५(७) नुसार दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते, पण ती लेखी. आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने एका महिन्यात तक्रार निकालात काढायची असते. हे नियम मुख्यतः संवेदनशील माहितीसाठी असल्याने ई-मेलच्या पत्त्याला ते कितपत लागू होतील यावर वाद होऊ शकतो, हे मान्य करूनही पत्र पाठवावेच. सात महिन्यांत आपण असंख्य वेळा क्लिक केले, पण एक ओळ लिहून पाठवली नाही. शिवाय ‘विनंती नोंदवली’ या पानाचा स्क्रीनशॉट घेतला नाही आणि आलेले ई-मेल रागाच्या भरात उडवून टाकले. अशा स्थितीत ग्राहक आयोगापुढे मी काय ठेवू?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ६ मध्ये, संमती देणे जितके सोपे होते तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, अशी तरतूद आहे. ती आपल्यासाठीच लिहिल्यासारखी वाटते. परंतु कायदा होऊन दोन वर्षे उलटल्यावर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, नियम आले आणि सोबतच्या अधिसूचनेने ही तरतूद लागू होण्यास आणखी १८ महिन्यांची मुदत दिली. म्हणजे मे २०२७ पर्यंत थांबणे आले, आणि त्यानंतरही दंडाची रक्कम सरकारजमा होईल, आपल्या हाती पडणार नाही. ‘डीएनडी’ची (‘डू नॉट डिस्टर्ब’) नोंदणी जाहिरातींचे कॉल व एसएमएस रोखण्यासाठी आहे, ई-मेलला तिचा उपयोग नाही.

पत्र दिल्यानंतरही ई-मेल आले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि मग आपल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. ५ लाखांपर्यंत मोबदला मोजलेल्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीची मुदत २ वर्षांची असल्याने आरक्षणाच्या दिवसापासून मोजल्यास ती टळून गेली आहे. पत्रानंतरच्या पहिल्या ई-मेलपासून मोजल्यास ती शाबूत आहे, असे म्हणता येईल. निकाल ३ महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो, पण त्या भरवशावर राहू नये. तारखा पडतच राहतात. ५० हजारांची आशा मी लावणार नाही.

पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे ई-मेलने आणि नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने, दोन्ही मार्गांनी पाठवावे. त्यात आरक्षणाचा क्रमांक, आपला ई-मेल पत्ता आणि ‘जाहिरातींसाठी दिलेली कोणतीही संमती मी आजपासून मागे घेत आहे’ हे एक वाक्य पुरे. सात महिन्यांचे गाऱ्हाणे त्यात नको. पोस्टाची पावती जपून ठेवावी आणि यापुढे आलेला एकही ई-मेल पुसू नये.