आर्थिक सल्ला: उत्तर सायप्रसचं नऊ लाखांचं पॅकेज घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात: आम्ही कोथरूडला राहतो. मी 41, मिस्टर 44, दोघंही नोकरीत. पुण्यात आयव्हीएफच्या दोन सायकल फसल्या, आता डॉक्टरांनी डोनर एग, म्हणजे दुसऱ्या स्त्रीचं बीज, सुचवलंय. एका एजंटने उत्तर सायप्रसच्या क्लिनिकचं 9,000 युरोंचं पॅकेज दिलंय. महिनाअखेरीपर्यंत 1,500 युरो भरले तर सवलत. म्युच्युअल फंडात 22 लाख आहेत, गृहकर्जाचा हप्ता 46,000. मिस्टर म्हणतात, फंड मोडण्याऐवजी गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घेऊ. काय करावं?

उत्तर: ताई, हे पॅकेज घेऊ नका. परदेशी जाऊच नका असं मात्र मी म्हणत नाही, कारण तुमची अडचण खरी आहे. आपल्याकडे 2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार दात्री आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त स्त्रीबीजं काढता येत नाहीत. त्यामुळे इथे वाट बघावी लागते, हे एजंटचं म्हणणं खोटं नाही. पण त्यावरून तो जी घाई करतोय ती पटत नाही. डोनर एगमध्ये बीजाचं वय दात्रीचं असतं, तुमचं नाही. कायद्याने तुम्हाला पन्नाशीपर्यंत मुभा आहे. तुमची तब्येत ठीक असेल तर चार-सहा महिने थांबल्याने स्वतःच्या बीजांसारखं नुकसान होत नाही. तुमच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा. महिनाअखेरीची मुदत क्लिनिकच्या टार्गेटची आहे, तुमच्या शरीराची नाही.

तुम्ही पाठवलेलं कोटेशन मी नीट वाचलं. 9,000 युरोंत एकच ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, आहे. औषधं, उरलेले भ्रूण गोठवणं आणि पहिल्या वर्षानंतरचं साठवणीचं भाडं 'एक्स्ट्रा' या सदरात गेलंय. दुसरी ट्रान्सफर 2,500 युरो. आणि हा दुसरा खर्च येईलच असं धरून चाला, कारण पहिल्याच ट्रान्सफरला मूल होईल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. त्यात मानवी भ्रूण भारतात आणायला 2015 पासून बंदी आहे, अपवाद फक्त संशोधनाचा. म्हणजे तुमचे गोठवलेले भ्रूण तिथेच राहणार आणि प्रत्येक प्रयत्नाला विमानाचं तिकीट लागणार.

आता बेरीज करू. युरो 100 रुपये धरला तर पॅकेज 9 लाख, दुसरी ट्रान्सफर अडीच लाख, औषधं-गोठवणं एक लाख. दोघांची एक फेरी, राहण्या-खाण्यासकट, सव्वादोन लाख धरली तर दोन फेऱ्यांचे साडेचार. झाले 17 लाख. तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला लाखभर जातात, म्हणून 22 मधले सहा लाख मी हात न लावता बाजूला ठेवते. फंड विकल्यावर कर जाईल तो वेगळाच. हातात उरतात 15 च्या आसपास. तुमच्या खिशाला पॅकेज परवडतंय, उपचार परवडत नाही.

टॉप-अपचा व्याजदर पर्सनल लोनपेक्षा कमी असतो हे मिस्टरांचं बरोबर. पण बाळंतपणात तुमचा पगार काही महिने थांबला तर वाढलेला हप्ता एकाच पगारातून जाणार. फंडच वापरा, तेही थोडं मार्चमध्ये, थोडं एप्रिलमध्ये विकून. इक्विटीतल्या दीर्घकालीन नफ्याला दरवर्षी सव्वा लाखापर्यंत कर नाही, ती सवलत दोन्ही आर्थिक वर्षांची मिळेल.

विम्याची आशा धरू नका. बहुतेक आरोग्य पॉलिसींत वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स ठरवून केलेल्या उपचाराला सहसा लागू होत नाही. मात्र ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत प्रसूती आणि नवजात बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर होतं का, हे एचआरकडून लेखी घ्या. कोटेशनमध्ये 'दोन भ्रूण' लिहिलंय. जुळी म्हणजे मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता जास्त, आणि नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं (एनआयसीयू) बिल पुण्यातच येणार. एकच भ्रूण सोडा असं सांगता येतं का, हे डॉक्टरांशी बोला.

मला सर्वांत खटकलं ते बँकेचं खातं. क्लिनिकचं नाव एक आणि पैसे ज्याला जाणार त्या खात्यावर भलत्याच ट्रेडिंग कंपनीचं. तिथे एक रुपयाही पाठवू नका. उत्तर सायप्रसला तुर्कस्तानखेरीज कोणताही देश मान्यता देत नाही, त्यामुळे तिथे भारताचा दूतावास नाही. काही बिनसलं तर दाद कुठे मागणार? पुण्याच्या ग्राहक आयोगात एजंटला ओढता येईल, पण त्याने स्वतःच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह बिल दिलं नसेल तर ते सिद्ध करणं अवघड. तो सध्या सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर करतोय. त्याच्या मेसेजमधला 'फॅमिली बॅलन्सिंग'चा पर्याय म्हणजे सरळ लिंगनिवड. तिची जाहिरात करणंही आपल्याकडे पीसीपीएनडीटी (लिंगनिवड प्रतिबंधक) कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा माणूस तुमचे कागद जपेल यावर माझा विश्वास नाही.

माझ्या मते आधी पुण्यातल्या नोंदणीकृत एआरटी बँकेत (दात्रींची बीजं पुरवणारी संस्था) नाव घाला आणि दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. त्याचा खर्च किरकोळ आहे. तरीही जायचं ठरलं तर जिथे सरकारी नियामक आणि आपला दूतावास आहे असा देश निवडा आणि 15 लाखांची रेघ आत्ताच दोघांनी मिळून ओढा. परक्या देशात, एक प्रयत्न फसल्यावर, रडत रडत असे निर्णय होत नाहीत, फक्त कार्ड स्वाइप होतं.

पैसे बँकेतूनच, 'वैद्यकीय उपचार' हे कारण लिहून पाठवा. वर्षाला दर पॅनमागे 10 लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) लागत नाही. वरच्या रकमेवर कापला गेलाच तर तो तुमच्या पॅनवरच्या कर-विवरणात दिसतो आणि रिटर्नमध्ये वळता होतो. एजंटने सगळं 'टूर पॅकेज' म्हणून बिलात घातलं तर मात्र पहिल्या रुपयापासून कापतील.

क्लिनिकला ईमेलवर चार गोष्टी विचारा: तुमच्या वयोगटात डोनर एगने सुरू केलेल्या सायकलींपैकी किती बाळं जन्मली (पॉझिटिव्ह टेस्ट किती, हे नको), दात्रीच्या एचआयव्ही, कावीळ बी-सी आणि थॅलेसेमियाच्या तपासण्यांचे रिपोर्ट मिळतील का, ट्रान्सफर रद्द झाली तर किती पैसे परत, आणि सगळी कागदपत्रं इंग्रजीत देणार का. उत्तरं आली की मला पाठवा, आकडे पुन्हा मांडू. तोवर अ‍ॅडव्हान्स भरू नका, सवलत गेली तरी चालेल.