अमेरिकन जावयाला 'वाट' आणि 'वात' सारखंच का ऐकू येतं?

तुमचा प्रश्न असा: जावई हौसेने मराठी शिकतोय, कानाची तपासणी नॉर्मल आली आहे, तरी 'वाट' आणि 'वात' त्याला एकच वाटतात. मेंदूत नेमकं अडतं कुठे, आणि सहा महिन्यांच्या नातीचंही असंच होईल का?

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. ऐकू येतं पण ओळखू येत नाही, ही तक्रार माझ्या रोजच्या कामातली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फरक जावईबापूंच्या कानापर्यंत पोचतो. आतल्या कानातल्या कॉक्लियात साधारण 3500 आतल्या केसपेशी असतात आणि प्रत्येकीची जागा ठरलेली असते: एका टोकाला उंच पट्टीचे आवाज, दुसऱ्या टोकाला खालच्या पट्टीचे, हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखे. हीच मांडणी श्रवणनसेतून मेंदूच्या मुळाशी असलेला मस्तिष्कस्तंभ, मग मेंदूच्या मधलं थॅलॅमस हे केंद्र, आणि शेवटी कानाच्या वरच्या बाजूला असलेल्या, मेंदूतल्या आवाज ऐकण्याच्या भागापर्यंत म्हणजे श्रवणप्रांतापर्यंत टिकून राहते. इथवर तुमच्यात आणि त्यांच्यात फारसा फरक नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. श्रवणप्रांताला लागूनच मेंदूच्या बाजूच्या, म्हणजे टेम्पोरल भागाची वरची वळी (घडी) आहे. अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) शस्त्रक्रियेसाठी काही रुग्णांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड ठेवावे लागतात. त्यांच्या संमतीने सॅन फ्रान्सिस्कोच्या एडवर्ड चँग यांच्या गटाने या वळीचं काम प्रत्यक्ष टिपलं. 2014 साली त्यांनी दाखवलं की इथले ठिपके एकेका अक्षराला नव्हे, तर उच्चाराच्या गुणधर्मांना प्रतिसाद देतात: काही 'प', 'त', 'क' सारख्या स्पर्शवर्णांना, काही 'स', 'श' सारख्या ऊष्मवर्णांना, काही 'म', 'न' सारख्या अनुनासिकांना. आपल्या वर्णमालेची रचनाही अशाच गुणधर्मांवर उभी आहे, आणि हे वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. 2021 च्या त्यांच्या अभ्यासात तर मुख्य श्रवणप्रांताला विजेचा हलका धक्का दिला तरी रुग्णांना शब्द समजत राहिले. वरच्या वळीला दिला तेव्हा मात्र बोलणं ऐकू येत होतं, पण शब्द कळत नव्हते.

शब्दांची ही ओळख मातृभाषेने घडते. 'ट' म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं, 'त' म्हणताना दातांना. इंग्रजीतल्या 'टेबल'चा ट या दोन्हींच्या मधला, वरच्या हिरडीवर जीभ टेकवून म्हटलेला. जन्मभर एवढा एकच ऐकलेल्या मेंदूने त्या परिसरातले सगळे आवाज एकाच कप्प्यात टाकायची सवय लावून घेतली आहे. आपले 'ट' आणि 'त' दोन्ही त्यातच जाऊन पडतात.

माहिती हरवत नाही, फक्त टाकून दिली जाते, याला पुरावा आहे. कॅनडातल्या जॅनेट वर्कर यांनी इंग्रजीभाषक प्रौढांना हिंदीतले 'ट' आणि 'त' (फरक आपल्यासारखाच) एकापाठोपाठ ऐकवले. दोन आवाजांत पाव ते अर्ध्या सेकंदाचं अंतर असलं की फरक जाणवायचा, दीड सेकंदाचं केलं की निसटायचा. आवाजाची कच्ची आठवण क्षणभरच टिकते. ती विरली की हाती उरतं ते फक्त कप्प्याचं नाव.

म्हणून सरावाची सुरुवात अशा जोड्यांपासून करा ज्यांत फरक शेवटच्या अक्षरात आहे. 'ट'ची सर्वात ठळक खूण त्याच्या आधीच्या स्वरात असते: जीभ वळायला लागली की 'आ'च्या शेवटच्या तुकड्याचा रंग बदलतो, सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. 'वाट-वात', 'पाट-पात' यांत तो सापडतो. 'टाक-ताक' मध्ये आधी स्वरच नाही, म्हणून त्या जोड्या नंतर घ्या. दोन्ही शब्द लगोलग म्हणा, मध्ये समजावत बसू नका. आणि एकट्या तुमच्या आवाजावर थांबू नका. मुलगी, शेजारी, फोनवरची मावशी, सगळ्यांचे आवाज ऐकवा. जपानी लोकांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' शिकवताना अनेक आवाज आणि अनेक शब्द वापरले, तेव्हा शिकलेलं नव्या शब्दांनाही लागू पडलं आणि काही महिने टिकलं. पूर्ण मराठी कान तयार होईलच असं मी म्हणणार नाही, पण सुधारणा नक्की होते.

आता नात. वर्कर आणि टीस यांच्या 1984 च्या प्रयोगात इंग्रजी घरांतल्या 6 ते 8 महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळत होता. 10 ते 12 महिन्यांच्या फार थोड्यांना. म्हणजे आत्ता तिचा कान दोन्ही भाषांना मोकळा आहे, आणि पुढचे काही महिने मोलाचे आहेत. पण टीव्हीवर मराठी गाणी लावून ठेवणं पुरेसं नाही. बाळांच्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांनी 2003 साली 9 महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन (चिनी भाषा) ऐकवली: समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ती शिकली, त्याच माणसाच्या रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून नाही.

तुम्ही दूर राहत असाल तर व्हिडिओ कॉल करा, कारण तिथे तुम्ही तिला उत्तर देऊ शकता, रेकॉर्डिंग ते देऊ शकत नाही. तिने आवाज काढला की थांबा, तिच्याकडे बघून मराठीत बोला, वस्तू हातात धरून त्या वस्तूचं नाव घ्या. आणि मुलीला सांगा, अंघोळ घालताना, भरवताना तिच्याशी मराठीतच बोलत जा.