स्पॅनिशचा ‘आ’ आणि आपला ‘ला’

प्रश्न : ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो. काही गिऱ्हाइकं स्पॅनिशमधून लिहितात, म्हणून मोबाइलवर स्पॅनिश शिकतोय. ‘वेओ ला कासा’ म्हणजे मी घर पाहतो, पण ‘वेओ आ मारिया’ म्हणजे मी मारियाला पाहतो. हा ‘आ’ मध्येच कुठून आला? इंग्रजीत असं काही नाही. पाठच करायचं का?

उत्तर : पाठ कशाला? इंग्रजी बाजूला ठेवा आणि स्वतःचंच मराठी वाचा. ‘घर पाहतो’, पण ‘मारियाला पाहतो’. घराला ‘ला’ लावला नाहीत, मारियाला लावलात. कर्म म्हणजे माणूस असेल तर स्पॅनिश त्याच्याआधी ‘आ’ ठेवते, आपण त्याच्यामागे ‘ला’ जोडतो. ‘रामला पुस्तक देतो’ यातला ‘ला’सुद्धा तिकडे ‘आ’च होतो.

पण माणूस दिसला की लाव ‘आ’, असंही नाही. समजा गाठी भरायच्या आहेत आणि तुम्हाला गाडीवर कोणीतरी ठेवायचाय. तुम्ही म्हणाल, ‘ड्रायव्हर शोधतोय.’ स्पॅनिशमध्ये ‘बुस्को उन चोफेर’. आता समजा गाडी फाटकात उभी आहे, चलन तुमच्या हातात आणि ड्रायव्हर चहाला गेलेला. मग ‘ड्रायव्हरला शोधतोय’ : ‘बुस्को अल चोफेर’. (‘आ’ आणि ‘एल’ मिळून ‘अल’ होतं.) पहिला कोणीही चालेल, दुसरा तोच हवा. आपल्याकडे ‘मुलगी बघतोय’ आणि ‘मुलीला बघतोय’ यात जो फरक आहे, तोच हा. पहिल्याला पाहुणे स्थळं सुचवतात, दुसऱ्याला लोक टोकतात!

घरच्या जनावरालाही ‘आ’ मिळतो. ‘किएरो उन पेर्रो’ म्हणजे मला कुत्रा हवाय. ‘किएरो आ मि पेर्रो’ म्हणजे माझ्या कुत्र्यावर माझा जीव आहे. क्रियापद एकच.

दोन ठिकाणी मात्र मराठी दगा देते. ‘मला दोन बहिणी आहेत’ हे ‘तेंगो दोस एर्मानास’. बहिणी माणसं असूनही तिथे ‘आ’ नाही, आणि आपल्या ‘मला’तला ‘ला’ही तिकडे न्यायचा नाही. दुसरी फसगत माझी स्वतःची. स्पॅनिशमध्ये ‘ला’ हा शब्द आहेच, तुमच्या ‘ला कासा’तला, स्त्रीलिंगी नामाआधी येणारा. शिकत होते तेव्हा मी बिनधास्त ‘वेओ ला मारिया’ लिहून बसले होते. ‘मारियाला’तला ‘ला’ उचलून पुढे ठेवला, झालं स्पॅनिश! बाईंनी वहीत लाल गोल केला. आणि गंमत बघा, नाव काढून नुसतं ‘तिला पाहतो’ म्हणायचं असेल, तर ते खरोखरच ‘ला वेओ’ असतं, ‘आ’शिवाय.