धुरावर धूर नको : सिगार आणि स्कॉचबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मेव्हण्याने लंडनहून लाफ्रॉइग १० ही स्कॉच आणली, मित्राने एक दणकट निकाराग्वाचा सिगार दिला, गच्चीवर दोन्ही एकत्र घेतले तर तोंडात नुसता जळक्या लाकडाचा आणि दवाखान्याचा वास राहिला. पैसे पाण्यात गेले का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : छे हो, बाटली मस्तच आहे, सिगारही चांगलाच असणार, फक्त दोघांना शेजारी बसवायला नको होतं. लाफ्रॉइग स्कॉटलंडच्या आयला बेटावरची, तिथे मोड आणलेली बार्ली पीटच्या (दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या वाळवलेल्या मातीच्या) धुरावर वाळवतात आणि त्या धुरातली फिनॉल्स नावाची रसायनं दाण्यात उतरतात, तुम्हाला आला तो दवाखान्याचा वास हाच. त्यावर परत सिगारचा धूर, मग कोण कुणाला ऐकू येणार! स्मोकी व्हिस्कीला स्ट्राँग सिगार हे लॉजिक पार्टीत सगळे सांगतात, मला अजिबात पटत नाही.

सिगारला गोडसर, अंगाने भरलेली स्कॉच लागते, म्हणजे शेरीच्या (स्पेनच्या एका कडक वाइनच्या) पिंपात मुरलेली. स्कॉटलंडच्याच स्पेसाइड भागातली ग्लेनफार्क्लास १५ घ्या, ४६ टक्के अल्कोहोल, चवीला मनुका, खजूर, थोडी सुंठ, आणि सोबत मादुरो रॅपरचा सिगार, रॅपर म्हणजे सिगारवर गुंडाळलेलं वरचं पान, मादुरोत ते जास्त दिवस आंबवतात म्हणून काळपट आणि कोको-कॉफीकडे झुकणारं असतं, दोघांचं जमतं. डालमोर तर सिगार मॉल्ट नावाचीच बाटली विकते, ४४ टक्के, तिच्यातही भर शेरीच्या पिंपांवर आहे, पीटवर नाही, यातच काय ते समजा. उलट कनेक्टिकट शेड रॅपरचा फिकट, सौम्य सिगार असेल तर शेरीवाली त्याला खाऊन टाकते, तिथे साधी ग्लेनलिव्हेट १२ बरी. ग्लेनफार्क्लास १०५ सारखी ६० टक्केवाली नुसती घेऊ नका, धुराने आधीच कोरड्या पडलेल्या जिभेला ती फक्त भाजते, थोडं पाणी घाला. बर्फ नको, व्हिस्कीचा वास दबतो. आणि एक, ग्लास भरून वास आधी घ्या, सिगार नंतर पेटवा, कारण एकदा धूर झाला की नाक तासभर कामाचं राहत नाही.

लाफ्रॉइगचं काय करू म्हणाल तर सिगार बाजूला ठेवा आणि तळलेल्या सुरमईबरोबर घ्या. खरंच.

प्रश्न : सिगारचं टोक व्हिस्कीत बुडवून ओढायचं असतं ना? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. पान भिजतं, फुगतं, कधी फाटतं, सिगार वाकडातिकडा जळतो आणि व्हिस्कीत तंबाखूचा कडू अर्क उतरतो, एका फटक्यात दोन्ही वाया.

प्रश्न : मी धूर आत घेत नाही, तरी अर्ध्यावरच घाम फुटला, मळमळलं. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : निकोटिन चढलं. सिगारचा धूर अल्कलाइन असतो त्यामुळे निकोटिन तोंडातूनच रक्तात जातं, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या आख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. उपाशीपोटी बसला असाल तर झालंच. सिगार ठेवून द्या (चिरडू नका, आपोआप विझतो), ग्लासही ठेवा, साखर किंवा गूळ खा, मोकळ्या हवेत बसा. आणि स्पष्ट सांगतो, दारू आणि तंबाखू एकत्र घेतली की तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका एकेकट्यापेक्षा फार वाढतो, आत न घेतल्याने तोंड काही वाचत नाही. सवय नसेल तर माझा कॉलम वाचून लावून घेऊ नका.

प्रश्न : मुंबईच्या पावसात सिगार टिकवायचे कसे? (एक वाचक, दादर)

उत्तर : ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायची पेटी, मुळात कोरड्या हवेत ओल टिकवायला असतो, आपल्याकडे जुलैत उलटा प्रॉब्लेम. आर्द्रता ६५ ते ७० टक्के हवी, म्हणून घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि आत ६५ टक्क्यांचं ते दोन्हीकडे काम करणारं पाकीट टाका, जास्त झालं तर शोषतं, कमी झालं तर सोडतं. फ्रिजमध्ये नको, सुकतो वर लसणाचा वास लागतो. तापमान २५ अंशांच्या वर राहिलं तर तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटू शकतात, पानावर टाचणीएवढी भोकं दिसली तर तेवढे सिगार वेगळे करून हवाबंद पिशवीत फ्रीझरला तीन-चार दिवस.

प्रश्न : स्कॉटलंडला चाललोय, पबमध्ये स्कॉचबरोबर सिगार ओढायचं स्वप्न आहे! (एक वाचक, पुणे)

उत्तर : २६ मार्च २००६ पासून तिथे पबच्या आत धूम्रपान बंद आहे, बाहेर अंगणात उभं राहावं लागेल आणि वाऱ्यात सिगार एका बाजूने भराभर जळतो. छोटासाच न्या. परत येताना ड्यूटी न भरता २ लिटर दारू आणि २५ सिगार आणता येतात, पण ते २५ घेतले तर सिगरेटची सूट त्यातच संपली.