पंचेचाळिशीत पळायला लागले, दोन मिनिटांतच दम लागतो, आता वय गेलं का?

माझ्याकडं समुपदेशनाला येणाऱ्यांकडून हा प्रश्न सारखा येतो, बायका पण विचारतात अन पुरुष पण. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला असतो, चालून कंटाळा येतो, मग उत्साहात बूट आणले जातात अन तीन आठवड्यांत ते कपाटात जातात. वर स्वतःलाच बोल लावायचा, की माझ्यात जिद्दच नाही.

परभणीच्या एक ताई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). वय ४६, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. धाकटा मुलगा नीटच्या क्लासला लातूरला गेलेला, मोठी पुण्याला, घर एकदम रिकामं, रात्री दोन-दोनला जाग यायची अन बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड व्हायची. त्यासाठीच आल्या होत्या, पळण्याचं जाता जाता निघालं, "ते पण करून बघितलं मॅडम, जमलं नाही." मी तिथंच थांबले, म्हटलं ताई, नेमकं कसं पळत होता ते सांगा, घरातून निघाल्यापासून.

तर कृषी विद्यापीठाच्या परिसरात सकाळी जायच्या. तिथं फिरायला अर्धी परभणी येते, त्यात शाळेतल्या पोरांचे पालक. समोरून कुणी ओळखीचं दिसलं की या जोरात पळायच्या, म्हणजे दिसायला तरी बरं दिसावं, अन माणूस मागं गेला की लिंबाच्या झाडाखाली वाकून गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहायच्या, डोळ्यापुढं अंधारी. त्यात पोलीस भरतीची पोरं-पोरी बाजूनं सर्रकन निघून जायची. म्हणाल्या, "ती लेकरं पाहायलेत अन मी ही अशी पळायले, लाजच वाटती."

आता यात वय कुठंय सांगा? वीस वर्षांच्या पोराला सरावाशिवाय असं पळवा, तो पण वाकून उभा राहील. झेपेल त्यापेक्षा जोरात पळालं की स्नायूंना लागेल तेवढा ऑक्सिजन पुरा पडत नाही अन धाप लागते. त्यात लोक बघायलेत या धास्तीनं छाती आधीच धडधडत असते, श्वास वरवरचा झालेला असतो. म्हणजे ताईंना दम लागत होता तो लाजेमुळं, पण त्यांनी तो वयाच्या अन जिद्दीच्या खात्यावर मांडला. असे लोक मी खूप पाहिलेत आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण यात दोष नसलेला माणूस स्वतःला नापास करून मोकळा होतो.

भरतीत मुलींना ८०० मीटर अन मुलांना १६०० मीटर वेळ लावून पळवतात, त्यांना स्पीड लागणारच. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये स्टीपलचेसचं (अडथळे अन पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीचं) रौप्य आणलं, त्याचा अभिमान मलाही आहे, पण पळणं म्हणलं की एकतर भरती नाहीतर मेडल एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. लांब पल्ल्याचे मोठे धावपटू सुद्धा बरंचसं पळणं सावकाशच करतात.

मग ठरवलं ते असं. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीस-पंचवीस मिनिटं, दिवसाआड. ही पळ-चाल पद्धत जेफ गॅलोवेनं लोकप्रिय केली, १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला १०,००० मीटर पळलेला माणूस तो, त्यामुळं चालणं म्हणजे हार हे मनातून काढा. अन स्पीड किती, तर पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे एवढाच. ताई म्हणाल्या, एकटीनं बोलू कुणाशी? मग त्यांनीच शोधलं, सतराचा पाढा म्हणत पळायच्या, पाढा मधेच तुटला की समजायचं जोरात झालं. मला हे इतकं आवडलं की आता मी बाकीच्यांना पण सांगते.

लोकांचं काय? त्यासाठी वेगळा गृहपाठ होता. ओळखीचं कुणी दिसलं की स्पीड वाढवायचा नाही, उलट नमस्कार करायचा अन आहे त्याच चालीनं पुढं जायचं. पहिले काही दिवस हेच सगळ्यात अवघड गेलं, पळण्यापेक्षा पण. हळूहळू भीती उतरली, कारण नमस्कार केल्यावर लोक नमस्कार करून पुढं जातात, बस.

दुसऱ्या महिन्यात दम टिकायला लागला तशा ताई खुशीत रोज पळायला लागल्या अन नडगी दुखायला लागली. हे होतंच, श्वास लवकर सुधारतो पण हाडं अन स्नायूबंध तयार व्हायला जास्त वेळ घेतात, म्हणून दमात जोर आला तरी अंतर हळूच वाढवायचं. आठवडाभर नुसतं चालल्या, दुखणं थांबलं. घरून "गुडघे जातील" चालूच होतं, पण बेतानं पळणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं अभ्यासात दिसत नाही. आधीच दुखणं असेल तर मात्र हाडांच्या डॉक्टरला विचारा. बीपी, शुगर, ईसीजी सुरुवातीलाच बघून घ्या, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथंच थांबा अन डॉक्टर गाठा, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सूर्य वर यायच्या आत घरी या.

ताई आता अर्धा तास न थांबता पळतात. झोप सुधारली, पण त्यात पळण्याइतकाच वाटा आमच्या बोलण्याचा अन रिकाम्या घराबद्दल त्या नवऱ्याशी पहिल्यांदा मोकळं बोलल्या त्याचा आहे. म्हणून दोन आठवडे सलग झोप नाही, कशातच मन लागत नाही, रडू येतं असं असेल तर नुसत्या पळण्यावर भागवू नका, समुपदेशक किंवा मानसोपचार डॉक्टरांना भेटा, पळणं त्याच्या जोडीला चालू ठेवा.