लहान शहरातला लघुपट महोत्सव खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय कसा होतो?

तुम्ही लिहिलंय की जिल्ह्याच्या गावी तुम्ही तीन वर्षं लघुपट महोत्सव भरवताय, नावात ‘आंतरराष्ट्रीय’ आहे, परदेशातून प्रवेशिकाही येतात, पण हॉल भरत नाही. मग जगातले नावाजलेले लघुपट महोत्सव वाढले तरी कसे, असा तुमचा प्रश्न आहे.

मी स्वतः बरीच वर्षं आमच्या गावच्या फिल्म सोसायटीचं काम बघतो आणि तुमची अडचण मला नीट कळते. अशा वेळी कान किंवा बर्लिनसारख्या बड्या महोत्सवांकडे बघून उपयोग नसतो, त्यांचं गणितच वेगळं. तुम्ही जर्मनीतल्या ओबरहाउझेनकडे बघा. आज जेमतेम दोन लाखांवर वस्ती असलेलं हे शहर. रूर खोऱ्यातलं, कोळशाच्या खाणी आणि पोलादाच्या भट्ट्यांवर वाढलेलं. पर्यटकांनी मुद्दाम वाट वाकडी करावी असं तिथे तेव्हा काही नव्हतं. तिथला लघुपट महोत्सव १९५४ पासून चालू आहे आणि लघुपटांच्या जगात त्याचा शब्द मानला जातो.

तो कुणा निर्मात्याने किंवा चित्रपट कंपनीने सुरू केलेला नाही. सुरुवात केली हिल्मार हॉफमन यांनी. ते तिथल्या फोल्कसहोखशूलंचे, म्हणजे कामकरी माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवणाऱ्या प्रौढ शिक्षण संस्थेचे प्रमुख होते. भाषेचे वर्ग, व्याख्यानं आणि त्यांच्या जोडीला सिनेमा. म्हणजे प्रेक्षक आधीपासून संस्थेच्या दारात येत होता, महोत्सव त्याच्यासाठी नंतर उभा राहिला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उलटं घडतं. आधी बोधचिन्ह ठरतं, मग पाहुणे ठरतात, आणि खुर्च्यांत कोण बसणार हा विचार आदल्या आठवड्यात होतो.

त्या काळात पश्चिम जर्मनीत लघुपट म्हणजे मुख्य चित्रपटाआधी दाखवायची माहितीपर रीळ. सरकारमान्य समितीने ‘मौल्यवान’ असा शेरा दिलेली रीळ लावली की थिएटरवाल्याला करमणूक करात सूट मिळायची. त्यामुळे रीळ बनायच्या भरपूर, पण त्या शेऱ्यावर डोळा ठेवून. आपल्या वडीलधाऱ्यांना फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील आठवत असेल. ती दाखवणं थिएटरांना सक्तीचं होतं आणि अर्धे लोक ती संपेपर्यंत बाहेर शेंगदाणे खात उभे असायचे. ओबरहाउझेनने पहिलं काम हे केलं की या रिळांना मुख्य चित्रपटाच्या आधीच्या रांगेतून उचललं आणि सबंध कार्यक्रमच त्यांचा केला. चित्रपट झाल्यावर त्यावर बोलायचं, हाही रिवाज त्या वर्गांतूनच आला.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९५८ पासून त्यांनी एक बोधवाक्य घेतलं: ‘शेजाऱ्याकडे जाणारी वाट’. शीतयुद्ध ऐन भरात होतं आणि शेजारी म्हणजे पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, युगोस्लाव्हिया, सोव्हिएत संघ. या देशांतले चित्रपट पश्चिम जर्मनीत सहजासहजी येऊ दिले जात नव्हते. त्यांची छाननी करायला तेव्हाच्या राजधानीत, बॉनमध्ये, खास आंतरमंत्रालयीन समिती होती. ओबरहाउझेनने ते मागवले, दाखवले, त्यासाठी सरकारशी हुज्जत घातली आणि ‘लाल’ म्हणवून घेतलं. पण त्यामुळे झालं असं की पूर्वेकडचा सिनेमा पाहायचा तर या कोळशाच्या गावी यावंच लागे. समीक्षक येऊ लागले, दिग्दर्शक येऊ लागले. महोत्सव आंतरराष्ट्रीय झाला तो असा. नावात तो शब्द आला थेट १९९१ साली, सुरुवातीनंतर ३७ वर्षांनी! तोवर नाव होतं ‘पश्चिम जर्मन लघुपट दिवस’. तुम्ही पहिल्या वर्षी जो शब्द फलकावर लिहिलात, तो त्यांनी आधी कमावला आणि मग लिहिला. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. आज फिल्मफ्रीवेवर, म्हणजे महोत्सवांसाठी प्रवेशिका मागवायच्या संकेतस्थळावर, अर्ज खुला केला की चाळीस देशांतून लिंका येऊन पडतात, त्यामुळे कुणालाही वाटतं की आपण आंतरराष्ट्रीय झालो. पण त्या लिंका येताहेत ते तुमचा अर्ज खुला आहे म्हणून. तुमच्याकडे येण्याचं कारण अजून तयार झालेलं नाही.

मग आलं १९६२. तारीख २८ फेब्रुवारी. महोत्सव चालू असताना एका पत्रकार परिषदेत २६ तरुण चित्रपटकारांच्या सह्यांचं निवेदन वाचलं गेलं. त्यांत पुढे मोठे दिग्दर्शक झालेले अलेक्झांडर क्लूगे होते, एडगर राइट्झ होते. (एकही बाई नव्हती, हेही नोंदवून ठेवायला हवं.) निवेदन अगदी छोटं आहे, पानभराचंही नाही. त्यातला युक्तिवाद मात्र लघुपटवाल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. आमच्या लघुपटांना गेल्या काही वर्षांत आंतरराष्ट्रीय महोत्सवांत बक्षिसं मिळाली आहेत, नव्या जर्मन सिनेमाची भाषा या लघुपटांतच तयार झाली आहे, तेव्हा आता पूर्ण लांबीचे चित्रपट आम्हाला करू द्या. धंद्याच्या रूढींपासून आणि हितसंबंधी गटांपासून मोकळीक द्या, आर्थिक जोखीम उचलायची आमची तयारी आहे. शेवट असा: ‘जुना सिनेमा मेला आहे. आमचा विश्वास नव्यावर आहे.’

हे नुसतं गाजून विरलं नाही. तीन वर्षांनी, १९६५ मध्ये, नवोदितांच्या पहिल्या चित्रपटांना पैसे देणारं मंडळ स्थापन झालं आणि १९६६ मध्ये क्लूगे यांच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात ‘रौप्य सिंह’ हा पुरस्कार मिळाला. आता यात महोत्सवाने काय केलं? माइक दिला, खोली दिली आणि मध्ये पडला नाही. आयोजक म्हणून मला हे फार मोठं वाटतं. आपल्या मांडवात कुणी प्रस्थापितांविरुद्ध बोलायला उभं राहिलं की आपली पहिली धावपळ असते ती प्रायोजकांकडे बघण्याची.

हे त्यांना दर वेळी जमलं असंही नाही. १९६८ मध्ये हेलमुट कोस्टार्ड यांच्या एका लघुपटाने नव्या चित्रपट कायद्यातल्या नीतिमत्तेच्या कलमाची अशी काही उघडीवाघडी टर उडवली होती की प्रकरण सरकारी वकिलापर्यंत गेलं आणि महोत्सवाने तो लघुपट कार्यक्रमातून काढला. त्यावर बहुतेक जर्मन दिग्दर्शकांनी आपापले चित्रपट मागे घेतले. अलीकडे, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, इस्रायल-गाझा युद्धाच्या वेळी महोत्सवाच्या फेसबुक पानावरच्या एका आवाहनावरून पुन्हा असंच झालं. जाहीर पत्र निघालं आणि २०२४ च्या सत्तराव्या महोत्सवातून अनेक जणांनी अंग काढून घेतलं. शेजाऱ्याकडे जायची वाट म्हटली की कधी ना कधी हा प्रसंग येतोच. तुमच्यावरही येईल. तेव्हा कोणता चित्रपट घ्यायचा आणि कोणता नाही हे कोण ठरवतं, ते आत्ताच लिहून काढा आणि जाहीर करा.

मधली वर्षं मी भराभर सांगतो. १९७८ पासून मुलांच्या लघुपटांचा विभाग आला, पुढे त्यात किशोरवयीन मुलंही आली. व्हिडिओ आला तेव्हा ‘हा काही सिनेमा नव्हे’ म्हणून दार लावलं नाही. १९९९ मध्ये म्युझिक व्हिडिओसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. चित्रपट महोत्सवाने असा पुरस्कार देण्याची जगातली ती पहिलीच वेळ. २००९ पासून आपल्या राज्यातल्या, म्हणजे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियातल्या लघुपटांसाठी वेगळी स्पर्धा आहे. ही शेवटची गोष्ट तुम्ही लगेच उचलू शकता. आपल्याच जिल्ह्यातली पोरं मोबाइलवर काय काय करताहेत ते परदेशी चित्रपटांच्या बरोबरीने, त्याच पडद्यावर लावा. त्यांचे आईबाप, मित्र, मास्तर येतील आणि आले की पुढचा हंगेरीचा लघुपटही बघतील. आमच्याकडे हॉल भरायला लागला तो यामुळेच. एका संध्याकाळी ऊसतोडीवरचा स्थानिक लघुपट संपला आणि लगेच एक इराणी लघुपट लागला. एकही माणूस उठला नाही. चर्चेत तर एका आजींनी त्या इराणी बाईच्या भाकरी थापण्यावरच दहा मिनिटं घेतली.

शहराचं म्हणाल तर कोळसा गेला, पोलाद गेलं. ओबरहाउझेनमधली शेवटची खाण १९९२ मध्ये बंद झाली आणि नगरपालिका कर्जात बुडाली. तरी महोत्सव टिकला, कारण तो पहिल्यापासून शहराच्या अंदाजपत्रकात होता आणि राज्य व केंद्राचा पैसा त्यात नंतर मिळत गेला. आपल्याकडे मुंबईचा ‘मिफ’ हा माहितीपट-लघुपटांचा महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो तो केंद्र सरकारच्या जिवावर. गावच्या महोत्सवाला ते शक्य नाही. पण नगरपालिकेकडून, भले रक्कम छोटी असो, दरवर्षीची तरतूद ठरावाने करून घेणं शक्य आहे. आमदारांच्या एकरकमी देणगीपेक्षा तिचा आधार जास्त, कारण निवडणुकीनंतरही ठराव जागेवर राहतो.

२०२० च्या मे महिन्यात थिएटरं बंद असताना त्यांनी सगळा महोत्सव ऑनलाइन केला. मी तो घरी बसून पाहिला. घाईघाईची सोय म्हणून ते केलं नव्हतं, हे लगेच जाणवत होतं. कार्यक्रम एकामागून एक ठरल्या क्रमाने मांडलेले होते, लघुपटांचा नुसता ढीग ओतलेला नव्हता. पुढच्या वर्षीपासून तर त्यांनी ऑनलाइनसाठी वेगळी स्पर्धाच सुरू केली. थिएटरमधल्या लघुपटांची उरलीसुरली प्रत इथे टाकायची, असा प्रकार नव्हता.

आणि एक काम तुम्ही यंदाच सुरू करा. ओबरहाउझेनने दाखवलेल्या आणि बक्षीस मिळालेल्या लघुपटांच्या प्रती सुरुवातीच्या काळापासून जपल्या आणि त्यांतून महोत्सवाचा स्वतःचा संग्रह उभा राहिला. त्यातले कार्यक्रम बांधून ते इतरांना दाखवायला देतात, म्हणजे महोत्सव वर्षभर कुठे ना कुठे चालूच असतो. तुमच्या प्रवेशिकेच्या अर्जात एक कलम वाढवा: बक्षीसपात्र लघुपटाची प्रत संस्थेकडे राहील आणि शैक्षणिक, विनातिकीट खेळांसाठी वापरता येईल. दिग्दर्शकाची सही घ्या. प्रत दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. मग तालुक्यातल्या एखाद्या कॉलेजला फोन करा आणि शनिवारच्या दुपारी दीड तासाचा कार्यक्रम घेऊन जा. पुढच्या वर्षी तीच मुलं तुमच्या हॉलमध्ये असतील.