गोतावळा निघाला सहलीला : वाचकांचे प्रश्न

थंडीचे दिवस आले की भावकीच्या मेळाव्यांची पत्रं सुरू होतात. त्यांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : चुलत, आते, मामे सगळे मिळून आम्ही ४२ जण. आजी ८४ वर्षांची, सगळ्यात धाकटी नात दोन वर्षांची. निम्मे ठाण्या-कळव्यातले, बाकी पुणे आणि नाशिकचे. पोरांना घोडबंदर रोडचं वॉटर पार्क हवं, थोरांना बाग. काय ठरवावं? (कळवा)

उत्तर : मतदान घेऊ नका, डोकी मोजा. पाण्यात खरोखर उतरणारे किती आणि काठावर पिशव्या राखत बसणारे किती, अशा दोन याद्या करा. ४२ मधले १५ जण दुसऱ्या यादीत गेले तर वॉटर पार्क रद्द. काठावरच्यांनाही बऱ्याच ठिकाणी तिकीट पडतं आणि वर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, ओल्या फरशीवर, स्पीकरच्या दणदणाटात दिवस काढावा लागतो. आजीला भेटायला नाशिकहून आलेली माणसं दिवसभर रबरी ट्यूबमध्ये बसणार असतील, तर मेळावा कसला झाला? पोरांना मानपाड्याला किंवा पुढे वाघबीळकडे वेगळ्या रविवारी जाऊ द्या.

तुमच्या माणसांना नवी मुंबईतल्या नेरूळचं वंडर्स पार्क बरं पडेल. महापालिकेची बाग आहे. ताजमहाल, कलोसियम अशा सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत आणि पोरांसाठी छोटी आगगाडीही. पुणेकरांना मुंबईत शिरावंच लागत नाही : एक्सप्रेस वे कळंबोलीला संपला की सायन-पनवेल रस्त्याने सरळ नेरूळ. नाशिककरांनी ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल पकडावी, पण फलाटावरचा इंडिकेटर नीट वाचून. वाशी लोकल तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते, नेरूळला जात नाही. 'नेरूळ' किंवा 'पनवेल' लिहिलेलीच गाडी घ्यायची. दर खेपेला कोणी ना कोणी वाशीला उतरून फोन करतं, ते बहुधा याच चुकीमुळे.

रविवार असेल तर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी लोकल बंद, आहे का, ते शनिवारी बघा. हार्बर आणि ट्रान्सहार्बरवर तो साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान असतो. सगळ्यांनी साडेनऊला गेटवर हजर व्हायचं आणि साडेचारनंतर परत निघायचं, म्हणजे ब्लॉकची झळ लागत नाही. सगळे ठाण्यातलेच असते, तर कोलशेतचं २०२४ मध्ये खुलं झालेलं ग्रँड सेंट्रल पार्क सुचवलं असतं.

कुठेही गेलात तरी आधी फोन करून चार गोष्टी विचाराच : साप्ताहिक सुट्टी आणि उघडायची वेळ, बाहेरचं खाणं चालतं का, व्हीलचेअर गेटवर मिळते का, आणि मोठ्या गटासाठी आधी अर्ज लागतो का. डबे गेटवर अडवले गेले की अर्धा दिवस तिथेच भांडणात जातो, आणि भांडण गेटवरच्या माणसाशी होत नाही, 'डबे आणायचं कोणी सुचवलं' यावर आपसांत होतं.

प्रश्न : ४० माणसांचं जेवण घरून न्यायचं आहे. सासूबाई म्हणतात मसालेभात आणि दही. मला धास्ती वाटते. किती आणि काय न्यावं? (ऐरोली)

उत्तर : धास्ती बरोबर आहे. भात शिजवला तरी त्यातल्या एका जंतूचे बीजाणू मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर कढत तरी हवं, नाहीतर ५ अंशांच्या खाली गार. सकाळी सातला झाकलेलं पातेलं साडेबाराला उघडतं, ते नेमकं या दोन्हींच्या मधे. सासूबाईंना विष वगैरे सांगू नका, 'भात कोरडा होऊन गोळा होतो' म्हणा. तेही खरंच आहे.

तिखटमिठाच्या पुऱ्या न्या. एक किलो कणकेच्या २५ ग्रॅमच्या लाट्या केल्या तर ५५ ते ६० पुऱ्या होतात. माणशी सहा धरल्या तर २४० पुऱ्या, म्हणजे कणीक चार किलो. पीठ घट्ट भिजवा आणि मोहन बेताचं घाला, म्हणजे पुऱ्या तेलकट होत नाहीत. तळलेल्या पुऱ्या डब्यात रचायची घाई करू नका. वेताच्या टोपलीत कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम पुरी डब्यात गेली की झाकणाला घाम धरतो, तोच खाली ठिबकतो आणि वरचा थर लिबलिबीत होतो.

सोबत बटाट्याची सुकी भाजी : माणशी १०० ते १२० ग्रॅम बटाटा, म्हणजे सगळ्यांना साडेचार किलो. फोडणी मोहरी, हिंग, हळद, मिरचीची. ओलं खोबरं, कांदा, कोथिंबीर अजिबात नको, आधी आंबतं ते यांनीच. लिंबू तिथे वाढताना पिळा. भाजी सकाळीच करा, परातीत पसरून गार करा, मग डब्यात भरा. शेंगदाण्याची कोरडी चटणी, लिंबाचं लोणचं, गोडाला गुळपापडी. आयत्या वेळी विकत घ्यायची तर केळी.

पाणी माणशी दोन लिटर, म्हणजे २० लिटरचे चार जार. जाराचा नळ आणि उभा करायचा स्टँड विसरू नका. तो नसला की प्रत्येक जण जार तिरका करतो आणि निम्मं पाणी गवताला जातं.

एक गोष्ट ओआरएसबद्दल, म्हणजे जुलाब-उलट्या झाल्या तर पाण्यातून द्यायच्या साखर-क्षारांच्या पुडीबद्दल. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं बहुधा २०० मिलिलिटरसाठी. पाकिटावर वाचून तेवढ्याच पाण्यात घाला. मोठं पाकीट एका पेल्यात घोळून मुलाला पाजलं तर क्षार जास्त जातात आणि त्रास होतो.

प्रश्न : गेल्या वेळी एक भाचा पाऊण तास सापडला नाही. 'लक्ष ठेवा' याच्या पलीकडे काही उपाय? (घणसोली)

उत्तर : 'सगळ्यांनी लक्ष ठेवा' म्हणजे कुणीच ठेवायचं नाही. दर तीन मुलांमागे एक मोठा, नावानिशी. काका-मामा आपल्या मुलांऐवजी दुसऱ्याची मुलं घेतात तेव्हा जबाबदारी जास्त जाणवते असं दिसतं, तेव्हा अदलाबदल करून बघा.

निघताना प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा. हरवल्यावर 'शर्ट निळा होता की हिरवा' यातच दहा मिनिटं जातात. मोबाइल नंबर मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे घामाने पुसत नाही. शर्टावर नाव लिहून पाठवू नका, अनोळखी माणूस त्याच नावाने हाक मारू शकतो. मुलाला एकच शिकवा : चुकलास तर जिथे आहेस तिथेच थांब, आणि गणवेशातल्या माणसाला किंवा लहान मूल सोबत असलेल्या बाईला सांग. शोधायला दोघांनीच जायचं. बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. सगळे चहूकडे पांगले की मूल परत येतं आणि तिथे कोणीच नसतं. कुठे पाणी असेल, तर शोध पाण्यापासून सुरू.

डोकी मोजायच्या ठरलेल्या वेळा ठेवा : गेटवर, जेवणाआधी, जेवणानंतर, निघताना. मोजताना मोजणाऱ्याने स्वतःला धरायला विसरू नये. ४२ चे ४१ बहुतेक वेळा त्यातूनच होतात.

प्रश्न : घसरगुंडीवर बाळाला मांडीवर घेऊन बसावं का? नणंद म्हणते, एकटं सोडण्यापेक्षा तेच सुरक्षित. (वर्तकनगर)

उत्तर : उलट आहे. मूल एकटं घसरताना त्याचा बूट कडेला अडकला तर ते तिथेच थांबतं. मांडीवर असेल तर मागून मोठ्या माणसाचं वजन येतं, पाय अडकलेलाच राहतो, आणि नडगीचं हाड पिळून मोडतं. रबरी तळव्याचे बूट सगळ्यात वाईट. उंच घसरगुंडी असेल तर सोडूनच द्या. छोटीवर बूट काढून एकट्याला बसवा आणि शेजारी उभं राहून हात धरा.

प्रश्न : आईला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. दिवसभर बाहेर चालेल का? (नेरूळ)

उत्तर : डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर चालेल. इन्सुलिनचं पेन गाडीत ठेवू नका, उन्हात गाडी तापली की ते निकामी होतं. बर्फालाही टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं. टॉवेलात गुंडाळून थंड पिशवीत ठेवा. नेहमीची जेवणाची वेळ बाराची असेल तर आईंचा डबा वेगळा, बारालाच. 'सगळे आले की बसू' हे त्यांना लागू नाही. हात थरथरले, घाम फुटला तर रक्तातली साखर उतरली असं समजून तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ १०८ ला फोन. पायात बंद, वापरून रुळलेली चप्पल. नवी कोरी चावते, आणि बधिर पायाला फोड आलेला कळत नाही.

प्रश्न : सगळ्यांचा एक फोटो धड येत नाही. (सीवूड्स)

उत्तर : तो आल्या आल्या, साडेनऊलाच काढा. संध्याकाळी निम्मे निघून गेलेले असतात आणि उरलेल्यांचे केस विस्कटलेले. सावलीत, तीन रांगांत : आजी-आजोबा खुर्च्यांवर, मुलं त्यांच्या पुढे मांडी घालून, उंच मंडळी मागे. फोनची रुंद लेन्स वापरली की कडेचे चेहरे ताणले जातात. त्यापेक्षा साध्या एकपट लेन्सवरच ठेवून दहा पावलं मागे जा. सलग दहा-बारा फोटो घ्या, एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतात. आणि फोटो काढणाऱ्या जावईबापूंनाही रांगेत घ्या, मोबाइल बाहेरच्या कुणाच्या तरी हातात द्या.